एका शब्दाची कैफियत

शब्दांनाही माणसांप्रमाणे बरेवाईट दिवस पाहावे लागतात. चांगल्या कुळात जन्मलेला एखादा शब्द काळाच्या ओघात बदनाम होतो आणि मग त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. ‘कृत्रिम’ हा असाच एक शब्द होय. कृत्रिम फुले, कृत्रिम मोती, कृत्रिम हास्य असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात ‘खोटे’ हाच अर्थ उभा राहतो. वास्तविक या शब्दाच्या मूळ अर्थात खोटेपणाचा लवलेशही नाही.

‘कृ’ म्हणजे करणे. या धातूपासून ‘कृत्रिम’ हा शब्द बनला. त्याची घडण पाणिनीने अष्टाध्यायीत सांगितली आहे. काही ठरावीक धातूंना ‘त्रि’ हा प्रत्यय लागतो व त्यापुढे नेहमी ‘म’ येतो. शिजविल्याने सिद्ध झालेले ते ‘पक्त्रिम’, पेरल्याने सिद्ध झालेले ते ‘उप्त्रिम’ आणि करण्याने सिद्ध झालेले ते ‘कृत्रिम’. म्हणजे माणसाच्या हातून घडलेली प्रत्येक वस्तू मूळ अर्थाने कृत्रिमच. कृती, आकृती, संस्कृती हे या शब्दाचे सगेसोयरे. त्यांना समाजात मान आहे. कमीपणा आला तो एकट्या ‘कृत्रिम’च्या वाट्याला.

पूर्वी असे नव्हते. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. गुणदोष जाणणाऱ्या एखाद्या मुलाला पुत्र म्हणून स्वीकारले, तर त्याला ‘कृत्रिम’ पुत्र म्हणत. तो खोटा पुत्र नव्हे. वारसाचा हक्क असलेल्या सहा प्रकारांत त्याची गणना होती.

मग हा शब्द बदनाम का झाला? माणूस निसर्गातील वस्तूंसारख्या वस्तू घडवू लागला आणि काही लोक त्या खऱ्या म्हणून खपवू लागले. लबाडी विकणाऱ्याची, पण डाग मात्र वस्तूला लागला. ‘बनावट’ या शब्दाचीही तीच गत झाली. ‘स्वदेशी बनावटीची नौका’ म्हटले, की ऊर अभिमानाने भरून येतो; ‘बनावट नोट’ म्हटले, की पोलीस आठवतात. इंग्रजीतील ‘आर्टिफिशियल’ या शब्दाच्या मुळाशी कौशल्य आणि करणे या अर्थांचे लॅटिन शब्द आहेत. तोही पुढे ‘खोटे’ या अर्थाकडे झुकला.

येथे विवेक हवा. गुळाचा पाक हा पाक म्हणून गोडच असतो. तोच मध म्हणून विकला, की ती फसवणूक होते. दोष करण्यात नाही, फसविण्यात आहे. मनात राग ठेवून ओठांवर आणलेले हसू खोटे खरे, पण ते मनातले लपविते म्हणून.

याउलट, 1968 साली जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर, लाकूड इत्यादींचा एक पाय घडविला. ‘जयपूर फूट’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. तो लावून माणूस अनवाणी चालू शकतो, उकिडवा बसू शकतो, ओल्या शेतात काम करू शकतो. या पायालाही कृत्रिम पायच म्हणतात. परंतु त्याच्या आधारे जो शेतकरी पुन्हा बांधावर उभा राहिला, त्याला तो खोटा वाटेल काय? त्याच्या दृष्टीने त्याहून खरी वस्तू दुसरी नसेल.

निसर्गाने दिलेले थोर आहे, यात शंका नाही. पण कापसाचे वस्त्र, मातीचा घट आणि ज्वारीची भाकरी निसर्ग देत नाही. त्यांमागे कोणाचे तरी हात राबलेले असतात. ‘कृत्रिम’ म्हणून एखादी वस्तू हिणविण्यापूर्वी एवढेच विचारावे, की ती कोणाला फसविते काय? फसवीत असेल, तर तिला खुशाल खोटी म्हणावे. नसेल, तर ती घडविणाऱ्या हातांचा मान राखावा. शब्दाला न्याय देणे म्हणजे अखेर श्रमाला न्याय देणेच होय.