सुई स्वस्त होईल. देखरेख कोण करणार?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी, असा प्रश्न काही साथींच्या मनात येईल. ज्या खानदेशात चोपडा, यावल, शिरपूरच्या आदिवासी पाड्यांवरून कुपोषण अद्याप हटलेले नाही, तेथे सुटलेल्या पोटांची चिंता वाहणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले पुरवणे होय, अशी टीका कार्यकर्त्यांच्या बैठकीत हमखास होते. ही टीका मला मान्य नाही, कारण ती वस्तुस्थितीला धरून नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश आढळल्या, आणि २४ टक्के प्रमाणाबाहेर जाड. या दोन आकड्यांना सासर-माहेरचे नाते आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील बालकाचे वजन साडेतीन किलो, तर आपल्या बालकाचे २.७ किलो, मात्र शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. अर्धपोटी आईच्या उदरातूनच मधुमेहाचा वारसा सुरू होतो. तेव्हा डाळमिलमधील हमाल आणि एस.टी.चा चालक यांच्या वाढलेल्या पोटाला केवळ ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून हसण्यात अर्थ नाही.

आता औषधाविषयी. एली लिली या अमेरिकन कंपनीचे ‘माउंजारो’ मार्च २०२५ मध्ये, आणि नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीचे ‘वेगोवी’ जून २०२५ मध्ये भारतात आले. पहिल्यातील द्रव्य टिर्झेपाटाइड, दुसऱ्यातील सेमाग्लुटाइड. आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचायचे. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते, वजन उतरते. औषध खरोखर गुणकारी आहे, आणि हे मान्य करण्यात आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रश्न किमतीचा आणि वापराचा आहे. ‘वेगोवी’च्या सर्वांत मोठ्या मात्रेची किंमत प्रारंभी महिन्याला २६,०१५ रुपये होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्र्याऐंशी दिवस खणती करावी, तेव्हा एका महिन्याची सुई! उलट, सेमाग्लुटाइडचा महिन्याचा उत्पादनखर्च पाच डॉलरांच्याही आत असावा, असा हिशेब अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२४ साली मांडला. मधली रक्कम कोणत्या श्रमाचे मोल आहे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला आढळले नाही. स्पर्धेच्या भीतीने नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच किमती उतरवल्या.

सेमाग्लुटाइडवरील भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती सरली की देशी कंपन्यांना तेच औषध करता येते, आणि भाव उतरतो. हे स्वागतार्हच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, तर केवळ कृतीवर पेटंट ठेवले, म्हणूनच देशी औषधनिर्मिती उभी राहिली. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली ते कवच आपण काढून दिले. परंतु स्वस्त झालेले औषध आपोआप सुरक्षित होत नाही. किंबहुना धोका येथूनच सुरू होतो. २६ हजारांची सुई घेणारा डॉक्टरची फीही देतो. स्वस्त सुई घेणारा औषधाच्या दुकानातील मुलालाच मात्रा विचारील.

वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. फेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा बिघडवल्या, रिमोनाबंटने मनाचे स्वास्थ्य, सिबुट्रामिनने हृदयविकाराचा धोका वाढवला. आपल्याकडे त्यांवर अनुक्रमे १९९८, २००९ आणि २०११ मध्ये बंदी आली. नवे औषध त्या जातीचे नाही. मात्र त्याचा सुरक्षितपणा शिस्तीवर अवलंबून आहे. वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करून दर चार आठवड्यांनी पायरीपायरीने वाढवायचे असते. घाईने वाढवले की मळमळ, वांत्या, जुलाब. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांना भिडतो. त्या दिवसांत उन्हात राबणाऱ्याला वांत्या लागल्या आणि पाणीही जाईना, तर मूत्रपिंडावर घाला येऊ शकतो. स्वादुपिंडाचा दाह आणि पित्ताशयातील खडे हे विरळ, पण गंभीर धोके. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे जात असेल, तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नयेत. थायरॉईडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास घरात असलेल्यांनी हे औषध घेऊ नये. गर्भवतीने घेऊ नये, आणि मूल हवे असेल तर दोन महिने आधी बंद करावे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्या मधुमेह्याची साखर एकाएकी घसरू शकते, म्हणून नवरात्र, एकादशी, रमजानचे उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून धरू नयेत.

एक गोष्ट कामगारांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि हमालाचे स्नायू हेच त्याचे भांडवल. डाळ, अंडी, दूध यांवाचून घेतलेले हे औषध त्याला बारीक करील आणि निकामीही. शिवाय औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत येते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. म्हणजे हा दोन महिन्यांचा उपाय नव्हे. लग्नसराईपूर्वी बारीक होण्यासाठी तर नव्हेच.

या प्रश्नावर पक्षाने तीन बाबतींत आवाज उठवावा. हे औषध चिठ्ठीवाचून विकता येत नाही. धुळे-जळगावातील दुकानांत तो नियम पाळला जातो की नाही, याचा जाब अन्न व औषध प्रशासनाला विचारला पाहिजे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत स्थूलता आहे. तरीही ‘जनजागृती’च्या नावाने कंपन्या आडमार्गाने गिऱ्हाईक गोळा करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धुळे व जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्थूलता-मधुमेहाच्या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस राखून ठेवावा, तेथे आहारतज्ज्ञ असावा, आणि औषध ब्रँडच्या नव्हे, मूळ नावाने द्यावे. ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने रद्द करा, ही हाथी समितीची १९७५ ची शिफारस पन्नास वर्षे धूळ खात पडली आहे. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. बाहेर ते ३० अंशांखाली काही आठवडेच टिकते. तेव्हा वीज गेली तरी थंड राहणारे कपाट ज्या ग्रामीण रुग्णालयात नाही, तेथे ते पाठवण्याआधी कपाट पाठवा, अशी आपली मागणी असली पाहिजे.