अभ्यासाला कोणते गाणे?

"गाणी लावल्याशिवाय पोराला अभ्यासच सुचत नाही, काय करावे?" वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला विचारले. एकाच खोलीत कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, गल्लीतली भांडणे. त्यावर पडदा म्हणून पोरगा गाणी लावतो. त्याला दोष कसा द्यावा?

पण एक पथ्य हवे. धडा वाचताना मन शब्दांत गुंतलेले असते. त्याच वेळी कानावरही शब्द पडले तर दोहोंची ओढाताण होते व वाचलेले डोक्यात राहत नाही. म्हणून वाचन-पाठांतराला बोलाचे गाणे नको. बासरी किंवा संतूर, तेही हळू आवाजात चालेल. आपल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचे गाणे तर पाठीमागे लावायचे नव्हेच. ते समोर बसून, शब्द न् शब्द ऐकायचे. अभ्यास संपल्यावर जरूर ऐकावे.

सर्वांत चांगली मात्र शांतता. परळच्या चाळीत एकच खोली होती. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवून स्वतः झोपत. बापाने पोरासाठी शांत वेळ शोधून काढली.

आणि आम्ही? जयंतीच्या तयारीत आम्हीही रात्री उशिरापर्यंत भोंगे वाजवले आहेत. एप्रिलमध्ये कॉलेजच्या पोरांच्या परीक्षा तोंडावर असतात, हे आमच्या ध्यानातच आले नाही. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पोलीस येण्याची वाट कशाला पाहायची? बटण आपल्याच हातात आहे.