विश्लेषण : न धुतलेल्या फिल्म रोलमधले फोटो किती वर्षे टिकतात? मालवण किनाऱ्यावर घाई का करायला हवी?

मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याकडचे एखादे जुने घर आवरायला काढले की ट्रंकेच्या तळाशी किंवा फडताळात काळी प्लास्टिकची डबी हाती लागते. आत फिल्मचा रोल असतो. फोटो काढलेला, पण न धुतलेला. तो कुणाच्या लग्नाचा की कुठल्या चतुर्थीचा, हे घरात कुणाला आठवत नाही. दुसरीकडे, हौसेने पुन्हा फिल्म कॅमेऱ्याकडे वळलेल्या छायाचित्रकारांकडेही असेच रोल साठत जातात. ‘नंतर पाहू’ म्हणून ते ठेवून देणे किनाऱ्यावर महागात पडू शकते. असे का, आणि अशा रोलचे करायचे काय, याविषयी...

रोल न धुता राहतात कसे?

१९८० आणि १९९०च्या दशकांत कोकणातल्या अनेक घरांत कॅमेरा यायचा तो मुंबईच्या चाकरमान्याच्या बॅगेतून. आधी आग्फाचा ‘क्लिक थ्री’, मग ‘हॉट शॉट’, पुढे कोडॅकचा ‘केबी-१०’. ‘क्लिक थ्री’च्या रोलमध्ये १२ फोटो निघत, तर ३५ मिलिमीटरच्या मोठ्या रोलमध्ये ३६. रोल आणि धुलाई दोन्ही महाग, म्हणून फोटो मोजूनमापून काढले जात. चतुर्थीला सुरू केलेला रोल मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत संपत नसे. मध्येच कॅमेरा बिघडला, घरातले माणूस गेले किंवा डिजिटल कॅमेरा आला, की अर्धवट रोल तसाच राहून जाई.

आजच्या हौशी छायाचित्रकाराची अडचण वेगळी आहे. रोल ऑनलाइन मिळतो, पण धुण्यासाठी मुंबई, पुणे किंवा बंगळूरुसारखे शहर गाठावे लागते. एकेक रोल पाठवणे परवडत नाही. म्हणून पाच-दहा रोल साठेपर्यंत थांबायचे आणि तोवर पावसाळा येतो.

नामवंतही याला अपवाद नाहीत. अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांचे १९८४ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्यामागे सुमारे २,५०० न धुतलेले रोल होते. फोटो काढतानाच्या भावनेचा निवडीवर परिणाम होऊ नये म्हणून ते रोल मुद्दाम काही काळ बाजूला ठेवत. ही सवय दमट किनाऱ्यावर मात्र परवडणारी नाही.

न धुतलेल्या फिल्मवर नेमके काय असते?

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा थर. त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकावर चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. ही झाली ‘सुप्त प्रतिमा’. ती डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर या रसायनात फिल्म बुडवली की त्या मोजक्या अणूंच्या आधारे पूर्ण स्फटिकाची चांदी होते आणि चित्र उमटते. उरलेले क्षार फिक्सर काढून टाकतो.

म्हणजे रोल धुतला जात नाही तोवर फोटो केवळ काही अणूंच्या भरवशावर असतो. काळ जाईल तसे हे अणू विस्कळीत होतात आणि प्रतिमा क्षीण होते. त्याच वेळी उष्णता आणि निसर्गात असणारा किरणोत्सर्ग यांमुळे, ज्यांच्यावर प्रकाश कधी पडलाच नाही असे स्फटिकही डेव्हलपरमध्ये काळे पडू लागतात. याला ‘फॉग’ म्हणतात. एकीकडे चित्र फिके आणि दुसरीकडे पार्श्वभूमी गडद, असे होत जाऊन शेवटी दोन्हींतला फरकच संपतो.

मालवणची हवा फिल्मला का बाधते?

फिल्मचे दोन शत्रू म्हणजे उष्णता आणि दमटपणा. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांवर बुरशी धरते, तशीच ती फिल्मवरही धरते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून बनते, त्यामुळे ते बुरशीचे आयते खाद्य असते. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीचा धोका वाढतो आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती याहून बरीच जास्त असते.

जिलेटिन ओलावा शोषून चिकट होते. गुंडाळलेल्या रोलचे थर मग एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना त्यांचे पापुद्रे निघतात. उन्हाळ्यात कौलारू घराच्या माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या ट्रंकेत उष्णतेचा तडाखा बसतो, तो वेगळाच. न धुतलेली फिल्म २१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावी, असे कोडॅक सांगते. एवढा गारवा मालवणात वातानुकूलित खोली किंवा फ्रिज सोडला तर क्वचितच मिळतो.

जुन्या रोलमधून खरेच फोटो निघतात का?

निघतात, पण रोल कुठे राहिला यावर बरेच अवलंबून असते. याचे प्रसिद्ध उदाहरण उत्तर ध्रुवाजवळचे आहे. स्वीडनचा एस. ए. आंद्रे १८९७ मध्ये दोन साथीदारांसह बलूनमधून ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. १९३० मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि त्यासोबत फिल्मही. ३३ वर्षे बर्फात राहिलेल्या या फिल्ममधून जॉन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने २४० पैकी ९३ फोटो वाचवले. बर्फाच्या थंडीतही निम्म्याहून अधिक फोटो गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. समुद्रकाठच्या घरातल्या ३० वर्षांपूर्वीच्या रोलकडून याहून जास्त अपेक्षा धरता येत नाही. तरी रोल टाकून देऊ नये. कृष्णधवल फिल्म रंगीत फिल्मपेक्षा जास्त टिकते आणि आयएसओ १०० ची फिल्म ४०० च्या फिल्मपेक्षा जास्त.

धुणाऱ्या लॅब कुठे गेल्या?

एके काळी तालुक्याच्या गावीही कोनिका, कोडॅक किंवा फुजीची पाटी लावलेली मिनी लॅब असे. या यंत्रांचे गणित रोजच्या कामावर चालते. प्रत्येक रोलमागे थोडे ताजे रसायन टाकीत जाते आणि जुने बाहेर पडते. रोल येणे थांबले की टाकीतले रसायन हवेने खराब होते, पण ते बदलण्याचा खर्च तेवढाच राहतो. डिजिटल कॅमेरा आणि मग मोबाइल आल्यावर हे गणित बसेनासे झाले. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये छायाचित्रणाच्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ‘इंदू’ फिल्म बनवणारी उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनीही बंद झाली.

काही फिल्म तर आता मूळ पद्धतीने धुताच येत नाहीत. कोडाक्रोम हे त्याचे ठळक उदाहरण. कोडॅकने २००९ मध्ये तिचे उत्पादन थांबवले. शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना मिळाला आणि त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत व राजस्थानात काढले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ड्वेन्स फोटो या लॅबने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच कोडाक्रोमचे रोल स्वीकारले. त्यानंतर सापडलेला कोडाक्रोम रोल कृष्णधवल पद्धतीनेच धुता येतो.

आता फिल्मची मागणी पुन्हा वाढते आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा आणला, कोडॅकने २०२५ मध्ये ‘कोडाकलर’ हे जुने नाव परत आणले. मात्र गावोगावच्या मिनी लॅब परत आलेल्या नाहीत. रोल विकत घेणे सोपे आणि धुणे अवघड, या दरीतून नवा साठा तयार होतो.

आधी कोणता रोल धुवायचा?

एकाच ट्रंकेत अनेक रोल सापडले तर सर्वात महत्त्वाचा वाटणारा रोल आधी पाठवू नये. ज्यातले फोटो गेले तरी चालतील असा रोल आधी धुऊन पाहावा. त्याच्या निकालावरून बाकीच्यांची अवस्था कळते. रोलच्या नळीवर प्रक्रियेचे नाव छापलेले असते. सी-४१ म्हणजे रंगीत नेगेटिव्ह, ई-६ म्हणजे स्लाइड, के-१४ म्हणजे कोडाक्रोम. फार जुनी रंगीत फिल्म कृष्णधवल पद्धतीने धुतल्यास रंग जातात, पण माणसे ओळखू येण्याची शक्यता वाढते. डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून गेलेले चित्र परत येते, हा समज चुकीचा आहे. त्याने फॉगही तेवढाच वाढतो.

नव्या रोलबाबत क्रम सोपा आहे. जास्त आयएसओच्या रंगीत फिल्म आधी, कृष्णधवल नंतर, आणि सगळे शक्यतो जूनच्या आत. प्रत्येक डबीवर तारीख आणि प्रसंग लिहून ठेवावा. धुवायला वेळ लागणार असेल तर रोल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर काही तास डबा उघडू नये, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते. फ्रिजवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरची अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती.

जुना कॅमेरा सापडला तर मागचे झाकण लगेच उघडू नये. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल गुंडाळण्याची कळ हलकेच फिरवून पाहावी. ताण जाणवला तर आत रोल आहे.

घरी धुता येतो का?

कृष्णधवल रोल घरी धुता येतो. प्रकाशबंद टाकी, फिल्म भरण्यासाठी काळी पिशवी, डेव्हलपर आणि फिक्सर एवढे पुरते. अडचण पाण्याची येते. कृष्णधवल डेव्हलपरसाठी साधारण २० अंश तापमान प्रमाण मानतात, तर कोकणातले नळाचे पाणी उन्हाळ्यात याहून बरेच गरम असते. त्यामुळे बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून तापमान खाली आणावे लागते. रंगीत सी-४१ साठी उलट ३७.८ अंश लागतात आणि डेव्हलपरची वेळ ३ मिनिटे १५ सेकंद. इथे अर्ध्या अंशाच्या फरकानेही रंग बिघडू शकतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा परसात ओतू नये. बाटलीत साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावा.

रोल पाठवताना काय जपावे?

विमानतळांवरील सामानाच्या क्ष-किरण तपासणीत न धुतलेल्या फिल्मवर फॉग येऊ शकतो. चेक-इन सामानातली यंत्रे अधिक तीव्र असतात. हातातल्या सामानासाठी काही विमानतळांवर आलेले सीटी स्कॅनरही धोक्याचे. विमानाने जाणाऱ्या कुरिअरचीही अशी तपासणी होऊ शकते. कुडाळ किंवा कणकवलीहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्या नात्यातल्या माणसाकडे रोल देणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. स्थानकावर सामान तपासणी यंत्र असेल तर रोल वेगळे काढून हाताने तपासण्याची विनंती करावी.

सिंधुदुर्गासाठी हे रोल महत्त्वाचे का?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी स्थापन झाला. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. किनारा सर्वाधिक बदलला तो याच काळात, आणि हाच काळ फिल्म रोलचा होता. हॉटेले येण्याआधीची तारकर्लीची वाळू, रापण ओढणारी माणसे, दशावताराचा रंगपट, आंगणेवाडीच्या जत्रेतली गर्दी हे सारे तेव्हा टिपले गेले असेल तर ते फिल्मवरच. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. घरगुती रोल आणि गावच्या फोटो स्टुडिओतल्या पेट्या मात्र ज्याच्या त्याच्या ताब्यात राहतात.

त्यामुळे धुतल्यावर काम संपत नाही. नेगेटिव्ह स्कॅन करून घ्यावीत आणि मूळ पट्ट्या फेकू नयेत. स्टुडिओतल्या जुन्या रोलमध्ये दुसऱ्यांच्या घरचे फोटो असतील तर समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्या कुटुंबाला विचारावे. आणि फोटो हाती आले की घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर धरून, कोण कुठे उभे आहे, हे मागे लिहून घ्यावे. पुढच्या पावसाळ्यात रोल जसा आणखी थोडा खराब होणार आहे, तशी ती माणसे ओळखणारेही दरवर्षी कमी होत आहेत.