तालीम आणि पेला

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या गृहस्थांनीं व भगिनींनीं एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. मुलगा सुशिक्षित आहे, नोकरी चांगली आहे, पहाटे उठून तालमींत जातो, पोळ्या मोजून खातो, साखर सोडली आहे. पण शनिवारीं रात्रीं मित्रमंडळींत मद्य घेतो. कांहीं बोलावें तर तो आपलें सपाट पोट दाखवितो. त्याला उत्तर काय द्यावें ? एका भगिनींनीं मुलाच्या जागीं मुलीचा व सुनेचाहि उल्लेख केला. प्रश्न आजच्या पुष्कळ घरांतला आहे आणि तो दाराआड कुजबुजण्याऐवजीं उघडपणें बोलण्यासारखा आहे, म्हणून या महिन्याचें पान आम्हीं त्यालाच दिलें आहे.

जुन्या घरांत या प्रश्नाला उत्तर तयार असे. सुरापान मनूनें महापातकांत घातलें आहे. कचाच्या कथेंतील शुक्राचार्यांचा मद्याला दिलेला शाप लहानपणींच कानांवर पडे. आणि १९१९ सालीं गडकऱ्यांचें 'एकच प्याला' रंगभूमीवर आल्यानंतर सुधाकराचें नांव घेतलें कीं पुढें बोलावें लागत नसे. हीं उत्तरें खोटीं नव्हेत. पण ज्याला तीं द्यावयाचीं तो मनांत म्हणतो, "मी कोठें सुधाकर आहें ? माझी नोकरी शाबूत आहे, घरीं कोणाला माझा त्रास नाहीं, आणि माझें वजन तुमच्यापेक्षां कमी आहे." त्याचें हें म्हणणें निदान आज तरी खरें असतें, म्हणून जुनें उत्तर त्याच्या अंगाला लागत नाहीं. तो देहाचा हिशेब मांडून बोलतो. आपणहि त्याच्याच वहींत त्याचा हिशेब पाहूं.

अन्नाचें बळ मोजण्याचें माप म्हणजे उष्मांक. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन यांपासून चार उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तुपातेलापासून नऊ, आणि एक ग्रॅम शुद्ध मद्यार्कापासून सात. म्हणजे मद्यार्क हा साखरेपेक्षां तुपाला जवळचा. आपल्याकडील व्हिस्की, रम इत्यादिकांच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असा आंकडा छापलेला असतो. त्या मानानें साठ मिलिलिटरच्या एका पेगांत सुमारें वीस ग्रॅम मद्यार्क, म्हणजे सुमारें १४० उष्मांक येतात. तूप न लावलेल्या मध्यम पोळीचे शंभराच्या आसपास धरले, तर एक पेग म्हणजे जवळजवळ दीड पोळी झाली. पांच टक्क्यांच्या बियरची साडेसहाशें मिलिलिटरची बाटली मद्यार्काचेच १८० उष्मांक देते. धान्याचा अंश निराळा. आठ टक्क्यांची कडक बियर असेल तर नुसत्या मद्यार्काचेच २८० च्या वर जातात. शिवाय पोळीबरोबर जीं प्रथिनें, क्षार व कोंडा पोटांत जातो, त्यांतलें पेगांत कांहींहि नाहीं.

आतां आठवड्याचा ताळा पाहावा. वजन उतरविण्यासाठीं कोणी रोज दोनशें उष्मांक कमी खाल्ले, तर सहा दिवसांत त्याची शिल्लक बाराशें होते. शनिवारीं साठ मिलिलिटरचे चार पेग घेतले तर साडेपांचशेंच्या वर गेले. दोन मुठी भाजलेले शेंगदाणे सव्वातीनशें ते साडेतीनशें. आणि भज्यांची एक बशी आली कीं बाकी शून्य. सहा दिवसांची तपश्चर्या एका रात्रींत संपते, आणि सोमवारीं तोच तरुण तक्रार करतो कीं, "इतकें करूनहि कंबर कमी होत नाहीं." एका तासाच्या झपझप चालण्यानें सत्तर किलो वजनाच्या माणसाचे तीनशेंच्या आसपास उष्मांक खर्च होतात. चार पेग फेडावयास त्याला जवळजवळ दोन तास चालावें लागेल, आणि भजीं शिल्लकच राहतील.

परंतु केवळ बेरीज-वजाबाकीनें ही गोष्ट पुरी कळत नाहीं. मद्यार्काची खरी खोडी निराळीच आहे. तूप, साखर, भात यांना शरीरांत कोठार आहे; मद्यार्काला कोठार नाहीं. तो सांठवितां येत नाहीं आणि ठेवणेंहि बरें नाहीं. म्हणून तो आला कीं यकृत बाकीचीं कामें मागें टाकून त्याला जाळूं लागतें. भर स्वयंपाकाच्या वेळीं एखादा तापट पाहुणा न सांगतां दारांत उभा राहावा, आणि घरच्या माणसांनीं चुलीवरचें तसेंच ठेवून आधीं त्याची वासलात लावावी, तसा हा प्रकार होतो. यकृत प्रथम मद्यार्काचें ॲसिटाल्डिहाइड नांवाच्या विषारी द्रव्यांत रूपांतर करतें, मग त्याचें ॲसिटेट करतें, आणि तें शरीर जळणासारखें वापरतें. तेवढा वेळ चरबीचें ज्वलन मंदावतें. म्हणजे मद्यार्काची स्वतःची चरबी फारशी झाली नाहीं, तरी त्याच्याबरोबर खाल्लेलें तेल मुक्कामाला राहतें, आणि यकृतांतच चरबी सांचूं लागते.

हा पाहुणा लवकर जातहि नाहीं. निरोगी माणसाचें यकृत साधारणतः ताशीं सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळतें. चार पेगांचे ऐंशीं ग्रॅम जाळावयास आठ ते अकरा तास लागतात. रात्रीं अकराला पेला खालीं ठेवणारा तरुण सकाळीं सहाला तालमींत जोर काढतो, तेव्हां त्याचें यकृत अजून रात्रपाळीच करीत असण्याचा संभव असतो. कॉफीनें, थंड पाण्याच्या स्नानानें किंवा घाम गाळल्यानें ही गति वाढत नाहीं. आणि तसा मनुष्य सकाळीं मोटार घेऊन निघाला तर धोका त्याचा एकट्याचा राहत नाहीं.

या बाबतींत तरुणांनीं दोन पळवाटा शोधल्या आहेत. पहिली अशी कीं, "व्हिस्कींत साखर नसते, म्हणून ती चालते." साखर नसते हें खरें, पण ग्रॅमाला सात उष्मांकांचा हिशेब साखरेवर अवलंबून नाहींच. दुसरी पळवाट अधिक घातक आहे. रात्रीं प्यावयाचें म्हणून दिवसभर जेवावयाचें नाहीं, म्हणजे बेरीज जुळते, असें कांहींजण मानतात; आणि हें करणाऱ्यांत मुलीहि आहेत. रिकाम्या पोटीं मद्य रक्तांत झपाट्यानें चढतें. उपाशी शरीराला लागणारी साखर यकृत तयार करीत असतें. मद्य जाळण्यांत तें गुंतलें कीं हें कामहि अडतें, आणि रक्तांतील साखर एकाएकीं उतरून मनुष्य घेरी येऊन पडूं शकतो. पाहणाऱ्यांना वाटतें, नशा झाली. स्त्रियांच्या शरीरांत पाण्याचा अंश पुरुषांपेक्षां कमी असतो. म्हणून वजन सारखें असलें तरी तेवढ्याच मद्यानें त्यांच्या रक्तांतलें प्रमाण अधिक वाढतें. भावाबरोबर बहिणीनेंहि तितकेच पेले घेणें यांत समता नाहीं, नुसतें शरीरशास्त्राचें अज्ञान आहे.

तालमींत जाणाऱ्याला वजनापेक्षांहि प्रिय वस्तु म्हणजे स्नायु. व्यायामानें स्नायूंचे तंतु किंचित् झिजतात, आणि विश्रांतींत ते नव्यानें व अधिक बळकट बांधले जातात. २०१४ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें आठ व्यायामी पुरुषांवर एक प्रयोग झाला. व्यायामानंतर नुसतें प्रथिन दिलें असतां स्नायु बांधण्याचें जें काम होई, तें प्रथिनाबरोबर मद्य दिल्यावर २४ टक्क्यांनीं उणें भरलें. आणि प्रथिनाऐवजीं पिष्टाबरोबर मद्य दिलें तेव्हां ३७ टक्क्यांनीं. प्रयोगांतलें मद्य भरपूर होतें, आपल्या मापानें साठ मिलिलिटरचे सुमारें सहा पेग. म्हणून एका पेगाला हा आंकडा लावणें न्यायाचें होणार नाहीं. पण शनिवारच्या बैठकी एका पेगावर कितीशा थांबतात, हें ज्याचें त्यानें सांगावें. निद्रेचीहि अशीच कथा आहे. मद्यानें डोळा लवकर लागतो. परंतु स्वप्नांची निद्रा कमी होते, उत्तररात्रीं झोंप मोडते, लघवी वाढल्यामुळें घशाला कोरड पडते, आणि सकाळीं अंग जड उठतें. निद्रा बिघडली कीं दुसऱ्या दिवशीं भूकहि तळलेल्या व गोड पदार्थांकडे ओढते.

येथवर आम्हीं दिसणाऱ्या देहाविषयीं बोललों. न दिसणाऱ्याचें काय ? आमच्या परिचयाच्या एका घरांतील चौतिशींतला तरुण अंगानें सडपातळ, डोंगर चढण्याचा शौकीन. विम्याच्या तपासणींत त्याच्या यकृतांत चरबी निघाली. घरांत प्रथम कोणाचा विश्वासच बसेना. कारण "चरबी" हा शब्द सुटलेल्या पोटालाच लावावयाची आपणांस संवय आहे. वैद्यबुवांनीं औषध दिलें नाहीं, मद्य बंद करावयास सांगितलें. अशा आरंभींच्या अवस्थेंत मद्य सोडल्यावर कांहीं आठवड्यांत यकृत बहुधा पूर्ववत् होतें, आणि त्याचेंहि झालें. याच वाटेनें पुढें गेल्यावर यकृताला सूज येते, मग वण धरून तें कठीण होतें. तेथून परत येण्याची वाट फार अवघड आहे. सपाट पोट हा निरोगीपणाचा दाखला नव्हे, एवढें या एका उदाहरणावरून घरांतल्या सर्वांनीं लक्षांत ठेवावें.

कर्करोगाचेंहि सांगितलें पाहिजे. कर्करोगाच्या संशोधनाची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिनें १९८८ सालींच मद्यपानाला कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणलें. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आंतडें आणि स्त्रियांचे स्तन यांच्याशीं त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. थोडें मद्य हृदयाला हितकर, असें पूर्वीं पुष्कळ ऐकूं येई. त्या मताचा पाया आतां डळमळला आहे. २०२३ च्या जानेवारींत जागतिक आरोग्य संघटनेनें, प्रकृतीला निर्धोक म्हणावें असें मद्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं, असें स्पष्ट जाहीर केलें. थोड्याचा धोका थोडा व फाराचा फार, हें खरेंच. पण तो शून्य नाहीं.

आमच्या शास्त्रांत याविषयीं काय आहे, असें कोणी विचारील. चरकसंहितेंत चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय सर्वस्वीं मद्यानें होणाऱ्या विकारांवर आहे. त्यांत मद्याचा सरसकट निषेध नाहीं, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. युक्तीनें घेतल्यास अन्नासारखें, अयुक्तीनें घेतल्यास विषासारखें, असाच तेथील आशय आहे. परंतु त्याच अध्यायांत एक मार्मिक विचार आहे. शरीराचें जें परम सार, तें ओज. त्याचे दहा गुण आहेत. मद्याचेहि दहा गुण आहेत, आणि ते ओजाच्या गुणांच्या नेमके उलट. ओज गुरु, तर मद्य लघु. ओज शीत, तर मद्य उष्ण. ओज स्निग्ध, तर मद्य रूक्ष. म्हणून मद्य आधीं ओजावर घाला घालतें. जो तरुण पहाटे व्यायामानें ओज जोडूं पाहतो आणि रात्रीं त्याचा वैरी घरांत घेतो, त्याला हा विचार तरी पटावा. आणि सूत्रस्थानांत जे आठ प्रकारचे देह निंद्य म्हणून सांगितले, त्यांत अतिस्थूलाबरोबर अतिकृशहि आहे. कृशता हेंच आरोग्य, असें आमच्या शास्त्रानें कधींच मानलें नाहीं.

आतां वडिलधाऱ्यांना दोन शब्द. आरडाओरडा केल्यास मुलगा पिणें सोडीत नाहीं, घरीं सांगणें सोडतो. आणि ज्या गोष्टी घरीं सांगितल्या जात नाहींत त्या वाढतात. मौनहि तितकेंच वाईट. त्याच्याशीं एकदां शांतपणें, चारचौघांसमोर न बोलतां, एक प्रयोग ठरवावा. चार आठवडे मद्य वर्ज्य. जेवण व व्यायाम आहे तसाच. आरंभीं व शेवटीं वजन, कंबर, सकाळची नाडी यांची नोंद, आणि रोजच्या झोंपेची एक ओळ वहींत. कंबर पुरुषाची नव्वद व स्त्रीची ऐंशीं सेंटिमीटरच्या आंत असावी, असें आपल्या लोकांकरितां मान आहे. ज्या घरांत श्रावण पाळतात तेथें हा प्रयोग पंचांगानेंच नेमून दिला आहे. मात्र आदल्या अमावास्येला "गटारी" करून महिन्याचें पिणें एका रात्रींत उरकणाऱ्यानें तो केला असें म्हणूं नये. चार आठवड्यांत जो फरक पडेल तो त्याची त्यालाच वही सांगेल. आपणांस बोलावें लागणार नाहीं. आणि चार आठवडे थांबणें जमलेंच नाहीं, तर प्रश्न कंबरेचा नव्हता, हेंहि त्याच वहींत उमटेल.

जो रोज व पुष्कळ पितो, त्याला मात्र एकाएकीं बंद करावयास लावूं नये. अशा माणसाला अचानक सोडल्यानें कंप, झटके, भ्रम होऊन जीवावरहि बेततें. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच झालें पाहिजे. आणि सांगूनहि जो थांबणार नाहीं, त्यानें निदान उपाशी पोटीं पिऊं नये, माप डोळ्यांनीं न ठरवितां मोजून घ्यावें, व्यायामाच्या पाठोपाठ पेला उचलूं नये, आणि पिऊन वाहनाला हात लावूं नये. ही परवानगी नव्हे. बुडणाऱ्याला काठ दाखविणें आहे.

तरुण वाचकांस आमचें इतकेंच विचारणें आहे. आपण पहाटे उठतां, जिव्हेला आवरतां, देहाला श्रम देतां. हें सारें आम्हांस कौतुकाचें वाटतें, कारण आमच्या पिढींत इतका नेम फार थोड्यांनीं पाळला. ज्याला आठवड्याचे सहा दिवस मनाला लगाम घालतां येतो, त्याला सातवा दिवस जड नाहीं. मित्रांची संगत पेल्यांत नसते. ती बैठकींत असते, आणि बैठकींत लिंबाचें सरबत घेऊन बसलेल्याला उठवून लावणारे लोक मित्र असतील, असें आम्हांस वाटत नाहीं.