पुस्तक स्कॅन झालं, पण वाचता येतंय का?

अमुक वाचनालयानं जुनी पुस्तकं स्कॅन केली, इतकी हजार पानं ‘डिजिटल’ झाली, अशी बातमी आली की आपल्याला बरं वाटतं. साहजिक आहे. बेळगाव असो, पणजी असो की इंदूर, महाराष्ट्राबाहेरच्या वाचनालयांत मराठीचं जे जुनं धन पडून आहे, ते वाळवीच्या आधी कुणाच्या तरी हाती लागलं पाहिजे. त्यात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात दर्जा दिला आणि ‘डिजिटायझेशन’ हा शब्द प्रत्येक भाषणात आला. पण स्कॅन केलेलं पान म्हणजे पानाचा फोटो. अंध वाचकाच्या संगणकातलं किंवा मोबाइलमधलं बोलणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, त्या फोटोपुढे गप्प बसतं.

फोटोतून अक्षरं उचलण्याचं काम ओसीआर करतं. ते हल्ली मराठीतही बऱ्यापैकी चालतं, आणि नेमकी इथेच फसगत होते. ‘बऱ्यापैकी’ म्हणजे पानागणिक पाच-दहा चुका राहिल्या, तरी दोनशे पानांच्या पुस्तकात हजार-दोन हजार चुका होतात. जुन्या खिळाछपाईत रफार पुसट उठलेला असतो, मग ‘धर्म’चा ‘धम’ होतो. ‘ख’ फुटून ‘रव’ होतो आणि ‘खरं’चं ‘रवरं’ ऐकू येतं. ही चूक निदान कानाला खटकते. खरा धोका न खटकणाऱ्या चुकांचा आहे. ‘घडा’चा ‘धडा’ झाला, ‘भात’चा ‘मात’ झाला, तर शुद्धलेखन तपासनीस काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. कुणी भाषा हिंदी निवडून ओसीआर चालवलं, तर आपला ‘ऱ्य’ धोक्यात येतो. मग ‘आचाऱ्यांना’ दिलेला पगार ‘आचार्यांना’ पोचतो! आणि आकडे? १ आणि ९ यांत फरक तो केवढासा. इतिहासाच्या पुस्तकात गोवामुक्तीचं १९६१ हे १९६९ झालं, तर यंत्र तेही तितक्याच ठाम आवाजात वाचतं. डोळस वाचक पान उलटून खात्री करून घेईल. कानानं वाचणाऱ्या विद्यार्थ्यानं काय करायचं? तो पेपरात १९६९ लिहून येतो.

म्हणून मूळ पान समोर ठेवून ओळीनं ओळ ताडून पाहणारा माणूस लागतो, आणि तोही मराठी नीट जाणणारा. जुन्या पुस्तकांत तर वेगळाच पेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार जागोजागी. आवाज ते नाकात वाचतो, त्यामुळे मुद्रितशोधकाचा हात शिवशिवतो. माझं मत, काढू नयेत. डोळस वाचकाला जे पुस्तक मिळतं तेच अंध वाचकाला मिळालं पाहिजे; सुरुवातीला एक ओळीची सूचना टाकली की झालं.

अक्षरं सुधारली म्हणजे काम संपलं असंही नाही. प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव काढावं लागतं, नाहीतर वाक्याच्या मधोमध ते पुन्हा पुन्हा ऐकू येतं. तळटीप परिच्छेदाच्या मधे घुसू द्यायची नसते. प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करून भागत नाही, त्याला ‘हेडिंग’ची खूण द्यावी लागते, तरच वाचक थेट सातव्या प्रकरणावर उडी मारू शकतो. छापील पान क्रमांक मात्र ठेवायचे, कारण वर्गात बाई ‘पान सत्तेचाळीस काढा’ असंच म्हणणार. आणि फाइलवर भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायची. ती हिंदी राहिली, तर काही यंत्रं सगळं पुस्तक हिंदी वळणानं वाचतात.

‘पण कॉपीराइटचं काय?’ हा प्रश्न वाचनालयांच्या बैठकीत हमखास येतो आणि विषय तिथेच गुंडाळला जातो. ही भीती बव्हंशी फुकाची आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे, दिव्यांग वाचकांसाठी सुगम्य प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अटी दोन: नफा घ्यायचा नाही आणि प्रत सर्वसाधारण बाजारात जाऊ द्यायची नाही. कायदा केंद्राचा, त्यामुळे तो सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच. छापील पुस्तकं वाचू न शकणाऱ्यांसाठीचा मराकेश करारही जगात सर्वांत आधी, २०१४ साली, भारतानंच मान्य केला. शिवाय देशभरच्या संस्थांची सुगम्य पुस्तकं एकत्र आणणारं ‘सुगम्य पुस्तकालय’ २०१६ पासून आहेच. इंदुरात शोधून झालेलं पुस्तक हैदराबादेत पुन्हा शोधायला नको.

शालेय पुस्तकांचा प्रश्न मात्र वेगळा, आणि तो आपला खास सीमाभागातला आहे. खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेतला मुलगा बालभारतीची पुस्तकं वाचत नाही. त्याची मराठी पुस्तकं कर्नाटकची पाठ्यपुस्तक सोसायटी काढते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या स्वयंसेवकांनी बालभारतीचा संच कितीही चोख केला, तरी या मुलाच्या समाजशास्त्राच्या परीक्षेत त्याचा उपयोग थोडाच. आणि कर्नाटकात सुगम्य पुस्तकांचा विचार झाला तर पहिल्यांदा कन्नड आणि इंग्रजीचा होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

इथे आपण स्कॅनर घेऊन बसणं मला चुकीचं वाटतं. हे पुस्तक कुणीतरी टाइप करूनच छापलेलं आहे. ती फाइल अस्तित्वात आहे. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली असली, तरी रूपांतर करून तपासणं हे स्कॅनपेक्षा कितीतरी सोपं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं, की चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं मोफत द्यायची. ज्याला वाचताच येत नाही ते छापील पुस्तक हाती ठेवून ही जबाबदारी पुरी होते का, हे सोसायटीला लेखी विचारायला हवं. मोर्चा नको, भाषावादाचा सूरही नको. तालुक्यातल्या अशा मराठी माध्यमाच्या मुलांची इयत्तावार यादी आणि एक अर्ज, एवढं शाळा उघडण्याच्या दोन महिने आधी गेलं तरी पुरे. ती यादी आज तरी मुख्याध्यापकांच्या रजिस्टरांतून वेचावी लागेल, आणि त्यासाठी दोन-तीन निवृत्त शिक्षक लागतील.