जामीन कोण राहणार?

एखादी बाई वित्तक्षेत्रात पुढे गेली, मग सरकारी कचेरीत बसली, देणग्या देणाऱ्या संस्थेत गेली, शेवटी शिकवू लागली, की तिच्या 'यशस्वी कारकिर्दी'चा फोटोसकट परिचय छापून येतो. मिकेला वॉल्श या अमेरिकन बाईंचा असा परिचय लिहिणे सोपे आहे. मेरिल लिंच ही शेअर दलालीची बडी पेढी, रॉकफेलर ब्रदर्स फंड, अमेरिकी काँग्रेसची तंत्रज्ञान मूल्यमापन कचेरी, मॅनहॅटनविल कॉलेज. संपली यादी. मला त्यांच्याबद्दल आस्था आहे ती एका हिशेबामुळे.

1975 साली मेक्सिकोत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद भरली. बाईला बँक उभी का करत नाही, हा प्रश्न तिथे निघाला. घानाच्या उद्योजिका एस्थर ओक्लू, आपल्या इला भट्ट आणि वॉल्श यांच्या पुढाकाराने 1979 मध्ये 'विमेन्स वर्ल्ड बँकिंग' स्थापन झाली. 1990 पर्यंत वॉल्श तिच्या अध्यक्ष होत्या. ही संस्था सुरुवातीला स्वतः कर्ज वाटत नव्हती, ती जामीन राहत होती. कर्ज बुडाले तर निम्मा तोटा संस्थेचा, पाव स्थानिक स्त्रीसंघटनेचा आणि उरलेला पाव बँकेचा. देणगी वाटली की संपते, तारण म्हणून उभी केली तर टिकते; आणि बँकवाल्याला धोक्याची भीती वाटते, दयेची भाषा त्याला कळत नाही. दोन्ही बाजूंना काम केलेल्या बाईलाच हे सुचू शकते.

यात 'मागास देशांवर उपकार' वगैरे काही नव्हते. खुद्द अमेरिकेत विवाहितेकडे कर्जासाठी नवऱ्याची सही मागणे 1974 च्या कायद्याने थांबवावे लागले. धंद्याच्या कर्जासाठी पुरुष नातेवाइकाची सही मागणारे काही राज्यांचे कायदे तर 1988 पर्यंत टिकले. त्याच 1974 साली अहमदाबादेत चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये घालून सेवा बँक काढली होती. त्यासाठी कित्येकजणी सही करायला शिकल्या.

आज आपल्या वस्त्यांत काय चालले आहे? रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्म कर्ज विनातारण मिळते. ऐकायला छान वाटते. पण गटकर्जात तारण असते, ते म्हणजे शेजारीण. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात. वसुलीचे काम बायकाच एकमेकींवर करतात, तेही बिनपगारी! 2010 साली आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्याच वर्षी तिथल्या एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात विकले गेले होते. नफा भागधारकांचा आणि जामीन बायकांचा, ही वाटणी कोणी ठरवली?

बुडीत कर्ज कंपनीच्या खात्यातही पडते, हे खरे. पण गटातली मैत्री मोडते ती कुठल्या खात्यात मांडायची?

'बायका कर्ज बुडवत नाहीत' अशी आपली स्तुती हल्ली सारखी कानावर येते. मला ती ऐकवत नाही. पुढच्या बैठकीत कंपनीचा माणूस कागद घेऊन आला, की सही करण्याआधी त्याला एवढेच विचारावे: यातला पाव धोका तुमच्या कंपनीचा, असे या कागदावर लिहून देता का?