तुर्कस्तान राहिलं, सोपारा सापडला



सुट्टीत कुठे कुठे जाऊन आलात? शाळा उघडल्या की आमच्या बंगळुरूच्या सोसायटीत आठवडाभर लिफ्टमध्ये हा एकच विषय असतो. कुणी कूर्गला गेलेलं असतं, कुणी व्हिएतनामला, कुणी थेट स्वित्झर्लंडला. यंदा आमचंही उत्तर तयार होतं. आम्ही तुर्कस्तानला जाणार होतो.

मुक्काम एजियन समुद्रावरच्या इझमिर बंदरात आणि तिथून साधारण ऐंशी किलोमीटरवरचं एफिसस, असा बेत होता. माझ्या अकरा वर्षांच्या लेकाला प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांचं वेड आहे. त्यातलं एक, आर्टेमिस देवीचं मंदिर, एफिससलाच होतं. त्यानं फ्रिजवर नकाशा चिकटवला होता आणि रोज एक दिवस खोडत होता.

फेब्रुवारीत आई नालासोपाऱ्याच्या घरात पडली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग फिजिओथेरपी, मदतीला बाई. टूरची पहिली रक्कम भरायच्या आधीच ते पैसे दुसरीकडे गेले. लेकाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. त्यानं फ्रिजवरचा नकाशा काढला, नीट घडी घातली आणि दप्तरात ठेवला. रडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मे महिन्यात आम्ही आईकडे गेलो. उद्यान एक्स्प्रेसनं एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस, मग पश्चिम रेल्वेची लोकल. काठी टेकत दार उघडायला आलेल्या आईचं पहिलं वाक्य होतं, "माझ्यामुळं पोराचं फिरणं बुडालं गं." मी "काहीतरीच काय!" म्हणून विषय बदलला. पण ते वाक्य दोन दिवस घरात फिरत राहिलं. जेवताना ती त्याच्याकडे बघायची आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची.

मी सांगायचे नाही ते गाव

आता तुमच्यापाशी एक कबुली देते. मी वाढले नालासोपाऱ्यात, पण कॉलेजमध्ये कुणी विचारलं की "वसईला राहते" म्हणायचे. नालासोपारा म्हटलं की लोकलच्या गर्दीवरचे विनोद ठरलेले. बंगळुरूला आल्यावर तर "मुंबई" एवढंच सांगून मोकळी व्हायचे. त्यामुळे लेकालाही अज्जीचं गाव म्हणजे इमारती, पाणी भरायची घाई आणि भरलेली गाडी एवढंच माहीत. (हो, तो 'अज्जी'च म्हणतो. कन्नड मित्रांचा परिणाम!)

तिसऱ्या दिवशी त्यानं दप्तरातला नकाशा काढला आणि मला विचारलं, "एफिसस बंदर होतं ना? मग नकाशात समुद्र इतका लांब का?"

मी फोनवर वाचून दाखवलं. एफिससला एके काळी थेट जहाजं लागत. पण नदीनं आणलेला गाळ वर्षानुवर्षं साचत गेला, बंदर बुजलं, आणि आज समुद्र कित्येक किलोमीटर दूर आहे. शहर ओस पडलं ते पडलंच. ज्या मंदिराची जगात कीर्ती होती, त्याच्या जागी आज तुकडे एकावर एक रचून उभा केलेला एकच खांब दिसतो. जॉन टर्टल वूड नावाच्या इंग्रज माणसानं सहा-सात वर्षं शोध घेतल्यावर १८६९च्या अखेरीस ती जागा सापडली, तीही चिखलाखाली.

पलंगावर पडल्या पडल्या आई म्हणाली, "आपला सोपारा असाच की. पूर्वी इथं मोठी गलबतं यायची म्हणतात. तो बुरुड राजाचा कोट नाही का तिकडे!"

मी विचारलं, "तू पाहिलायस?"

"छे गं. पस्तीस वर्षं झाली इथं येऊन. कधी जमलं?"

मीही पाहिला नव्हता. मंडळी, मी रोज ज्या स्टेशनवरून कॉलेजला जात होते, तिथून रिक्षाच्या अंतरावर दोन हजार वर्षांपूर्वीचं नामांकित बंदर आणि बौद्ध स्तूप आहे, आणि मी तिकडे एकदाही फिरकले नव्हते.

एवढंच?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही चौघं निघालो. आईसाठी एक वेगळी रिक्षा केली, मांडीखाली उशी दिली. स्टेशनच्या पश्चिमेला, जुन्या सोपारा गावाच्या बाजूला गेलं की वस्तीला लागूनच ती जागा येते. पुरातत्त्व खात्यानं जपलेला, झाडांमध्ये उभा असलेला विटांचा एक मोठा उंचवटा.

लेकानं एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाला, "एवढंच?"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. आईला सावलीत बसवलं, पाण्याची बाटली काढली आणि आदल्या रात्री जे वाचलं होतं ते सांगायला सुरुवात केली.

या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणायचे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांच्या राजाचा हा किल्ला, अशी समजूत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी इथे आले. ते मूळचे जुनागढचे, प्राचीन लिपी वाचण्यात त्यांचा हात धरणारं त्या काळी फार कमी. त्यांनी टेकाडाच्या मधोमध खणायला घेतलं, आणि आत विटांच्या कोठडीत एक गोल दगडी पेटी निघाली.

"आत काय होतं?" लेक आता जमिनीवर मांडी घालून बसला होता.

दगडी पेटीत तांब्याची डबी. तिच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची. चांदीच्या डबीत दगडाची, दगडाच्या आत स्फटिकाची आणि स्फटिकाच्या आत सोन्याची. मधेमधे सोन्याची फुलं. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं.

"आणि सोन्याच्या डबीत? हिरा?"

"मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. ते तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे आहेत अशी ठेवणाऱ्यांची श्रद्धा असावी, असं अभ्यासकांनी म्हटलंय. म्हणून त्या खापरांना एवढी सोन्या-चांदीची वेष्टनं.

"सोन्याच्या डबीत खापरं!" लेक हसला.

आई मात्र हसली नाही. म्हणाली, "त्यात काय झालं? माझ्या दागिन्यांच्या डब्यात तुझ्या आजोबांचा फुटका चष्मा आहे. जाताना दाखवते."

त्यानंतर त्यानं पुन्हा एकदा स्तूपाला चक्कर मारली. या वेळी हळू, विटांकडे बघत.

इझमिर खरंच एवढं लांब होतं?

घरी आल्यावर आमचा शोध चालूच राहिला. बौद्ध कथांमध्ये शूर्पारकचा पूर्ण नावाचा व्यापारी येतो. समुद्रावर सफरी केलेला हा माणूस पुढे बुद्धांचा शिष्य झाला. महाभारतातही शूर्पारक आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. भडोचच्या खाली येताना त्यात 'सुप्पारा' आणि 'कल्लिएना' ही नावं आहेत. म्हणजे आपले सोपारा आणि कल्याण! नैऋत्य मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातून जहाजं या किनाऱ्याला यायची, आणि इथला माल नाणेघाटासारख्या वाटांनी घाटावर जायचा. नाणेघाटातल्या पाण्याच्या एका टाक्यावर चक्क कोरलंय की हे सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. घाट चढून दमलेल्या वाटसरूंसाठी माझ्या गावच्या माणसानं पाणपोई घातली होती आणि मी मात्र "वसईला राहते" सांगत होते.

मग आम्हाला सम्राट अशोक भेटला. सोपाऱ्याला त्याचे शिलालेख होते. १८८२ सालीच इथे त्याच्या आठव्या आज्ञेचा तुटका तुकडा सापडला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला समुद्राकडच्या बाजूला आणखी एक तुकडा मिळाला. अशोकाच्या शिलालेखांमध्ये शेजारच्या ग्रीक राजांचीही नावं आहेत. त्यात एक 'अंतियोक' येतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा दुसरा अँटिओकस. सीरियापासून पश्चिमेकडे पसरलेलं त्याचं राज्य एजियन किनाऱ्याला टेकलेलं होतं, आणि इ. स. पूर्व २४६ मध्ये तो वारला तो एफिससला.

हे वाचून लेक उडालाच. "म्हणजे अज्जीच्या गावात ज्यानं शिलालेख लावला, त्याला एफिससचा राजा माहीत होता?"

माहीत होता, मंडळी. आपल्याला व्हिसा लागतो, त्या काळी वारा लागायचा. पुढे सोपाऱ्याच्या खाड्याही गाळानं भरत गेल्या, मोठी जहाजं आत येईनात आणि व्यापार दुसऱ्या बंदरांकडे सरकला. एफिससचं झालं तेच. दोन्हीकडे समुद्रानं पाठ फिरवली. एक फरक मात्र आहे. एफिससला माणसं तिकीट काढून बघायला येतात. सोपाऱ्याला माणसं राहतात. आणि स्तूप नुसता बघायचा नाही, तिथे आजही बौद्ध बांधव वंदनेला येतात, बुद्धपौर्णिमेला तर विशेष.

अशोकाची सुट्टी

आता मूळ मुद्दा. तो आठव्या आज्ञेचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही तिघं तिथे गेलो. काळा दगड, त्यावर ब्राह्मीतली काही अक्षरं. तुकडा छोटा असला तरी हाच मजकूर इतर ठिकाणी पूर्ण सापडल्यामुळे त्यात काय होतं ते नीट कळतं. आणि काय होतं माहितीये? सहलींविषयी!

अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना निघत, शिकार करत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांमध्ये काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान करायचं. म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, त्यांच्यासाठी पैशांची सोय करायची. गावोगावच्या लोकांशी बोलायचं. आणि आपल्याला यातच जास्त आनंद मिळतो, असंही तो म्हणतो.

म्हाताऱ्या माणसांना भेटायचं आणि त्यांच्या पैशाची सोय करायची. मी त्या काचेसमोर उभी राहून हे पुन्हा मनात म्हटलं. चार महिने मी ज्या खर्चाकडे बुडालेली सहल म्हणून बघत होते, त्याला एका सम्राटानं सहलच म्हटलं होतं, आणि तेही माझ्याच गावातल्या दगडावर.

तिथूनच आईला फोन लावला आणि सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं काही बुडालं नाही म्हण की."

"नाही बुडालं, आई."

"बरं. डबा खाऊन घ्या वेळेवर."

तुम्ही गेलात तर

नालासोपारा पश्चिमेला उतरा, रिक्षावाल्याला बौद्ध स्तूप सांगा. सकाळी लवकर जा, पाणी न्या. ती पूजेची जागाही आहे, त्यामुळे विटांवर चढून फोटो काढू नका आणि मुलांनाही सांगा. जवळच चक्रेश्वर मंदिर आहे. तिथल्या जुन्या मूर्तींमध्ये ब्रह्मदेवाची मोठी मूर्ती आवर्जून बघा. दिवस हाताशी असेल तर वसईचा किल्ला करा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला, आत पडक्या चर्चच्या उंच भिंती असलेला. येताना वसईची सुकेळी घ्यायला विसरू नका. स्तूपातली पेटी आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत. त्या बघायच्या असतील तर आधी चौकशी करूनच जा.

आणि जाण्याआधी मुलांना डबीतल्या डबीची गोष्ट सांगा. नाहीतर तीही म्हणतील, "एवढंच?"

तुर्कस्तान रद्द झालेलं नाही बरं का. नकाशा पुन्हा फ्रिजवर आलाय. फक्त आता त्यावर लेकानं पेन्सिलनं एक रेघ ओढली आहे. इझमिरपासून निघून, कागद संपतो तिथे दुसरा कागद जोडून, ती नालासोपाऱ्याला येऊन थांबते.

परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी त्याला विचारलंच, "मग, कुठे गेला होतास सुट्टीत?"

मी श्वास रोखून धरला.

"नालासोपाऱ्याला," तो म्हणाला. "बंदर बघायला. पण समुद्र लांब गेलाय तिथून."

तुमच्या गावात असं कुठलं टेकाड, तळं, पडकं देऊळ आहे, ज्याच्यावरून तुम्ही रोज जाता आणि कधी आत गेला नाहीत? या सुट्टीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि मला जरूर कळवा.